२.३ ला लावलेलं कुलूप

दवाखान्यात मला कुलूपबाई म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं ‘बाई’. पण माझी खोली जिन्याला लागून आहे आणि माझे कान अजून शाबूत आहेत. हे नाव मेट्रनने ठेवलं असावं असा मला संशय आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग येत नाही. माणसाला एखादं काम नीट येतं हे लोकांनी मान्य केल्याची ती खूण आहे, असं मी धरून चालते.

कुलूप कशाला, तर व्हर्जनना. दवाखान्यातले सगळे प्रोग्राम मी सांभाळते. कोणताही प्रोग्राम एकट्याच्या जिवावर उभा नसतो. त्यात दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे वापरलेले असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. तारखा मोजणारं एक, रिपोर्ट छापणारं एक, असं. ही मॉड्यूल इंटरनेटवरच्या एका मोठ्या भांडारात ठेवलेली असतात आणि लिहिणाऱ्यांना काही स्वस्थ बसवत नाही. आज २.१, उद्या २.२. नवं घेतलं की काहीतरी सुधारतं आणि काहीतरी मोडतं, आणि काय मोडलं ते कळतं सकाळी दहा वाजता, बाहेर साठ पेशंट रांगेत असताना. म्हणून माझ्याकडे एक यादी आहे. त्रेचाळीस मॉड्यूल, प्रत्येकापुढे दोन बरोबरची चिन्हं आणि एक नेमका आकडा. दोन बरोबर म्हणजे हेच हवं, दुसरं नाही. जगात याहून कितीही नवं आणि चांगलं निघालं तरी ते माझ्या दारात येणार नाही.

बेचाळीस कुलपं मी विचार करून लावली आहेत. त्रेचाळिसावं रागाने लावलं.

त्या मॉड्यूलचं नाव आळीपाळी. नर्सच्या ड्युट्या लावायचं काम ते करतं: कोण सकाळी, कोण दुपारी, कोणाचा रविवार. ते मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून लिहिलं. तेव्हा त्याची नोकरी सुटली होती आणि मला इथे ड्युट्यांच्या कागदांनी वेड लागायची पाळी आली होती. चार महिने तो रोज माझ्याकडे यायचा. जेवणाच्या टेबलावर दोन संगणक, मध्ये चहाचा थर्मास. मी नियम सांगायचे, तो लिहायचा, मग मी त्यात चुका काढायचे आणि तो म्हणायचा, “ताई, तू परीक्षक व्हायला हवं होतंस, मुलांनी शाळा सोडल्या असत्या.” इतकं हसणं त्या घरात त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. झाल्यावर आम्ही ते सगळ्यांसाठी भांडारात ठेवलं. सांभाळणारा म्हणून नाव त्याचं दिलं, कारण अनोळखी लोकांच्या पत्रांना गोड उत्तरं देणं माझ्याच्याने होत नाही.

एकाच नियमावरून आमचं वाजलं होतं. एखाद्याची पाळी चुकली तर काय करायचं? मी म्हटलं, भरून घ्यायची. आज आली नाहीस, पुढे दोनदा ये. तो म्हणाला, सोडून द्यायची. माणूस काही मुद्दाम आजारी पडत नाही. मी थोरली, शिवाय दवाखाना माझा, म्हणून माझा नियम राहिला. ते व्हर्जन २.३.

मग बाबा अंथरुणाला खिळले. ते माझ्याकडेच राहत होते. आम्ही दोघांनी ठरवलं की एक दिवस मी रजा घ्यायची, एक दिवस त्याने यायचं. हौसेने आम्ही आळीपाळीत दोनच नावं घातली आणि तक्ता छापून फ्रिजवर लावला. पहिले तीन आठवडे तो आला. मग यायचा बंद झाला. फोन केला तर म्हणायचा, आज जमलं नाही, उद्या नक्की. बाबांना तेव्हा माणसं ओळखू येत नव्हती. मला ते बाई म्हणायचे, त्याला साहेब. मी कानाडोळा करायला शिकले होते. तो शिकला नाही. त्याच्या चौकोनात मी लाल पेनने गैरहजर लिहीत गेले. असे अकरा चौकोन झाले आणि त्याच्या बाराव्या पाळीच्या दिवशी बाबा गेले.

त्यानंतर आठवड्याने आम्ही बाबांचे कपडे वाटायला बसलो होतो. त्याने एक करडा स्वेटर उचलला आणि विचारलं, “हा मी नेऊ?” मी म्हटलं, “ने. तुझ्या अकरा पाळ्या राहिल्यात पण.”

वाक्य तोंडातून गेलं आणि गेलं. त्याने स्वेटर घडी करून परत ठेवला. “त्या आता कुठे भरू?” एवढंच म्हणाला, चपला घातल्या आणि निघून गेला. दार त्याने आपटलं नाही. आपटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

दोन महिन्यांनी भांडारात २.४ आलं. प्रत्येक व्हर्जनसोबत काय बदललं त्याची एक नोंद असते. नोंदीत एकच ओळ होती: चुकलेली पाळी यापुढे मोजली जाणार नाही. जगभरच्या दवाखान्यांना ती साधी सूचना वाटली असेल. मला ती तोंडात मारल्यासारखी लागली. मी त्याच दिवशी यादी उघडली, आळीपाळीपुढे दोन बरोबरची चिन्हं टाकली, २.३ लिहिलं आणि त्या मॉड्यूलचं पान पुन्हा उघडायचं नाही असा कानाला खडा लावला. नऊ वर्षं उघडलं नाही.

नऊ वर्षांत काय झालं, तर फार काही नाही. मी एकटी राहते, ते मला जमतं. सकाळी डबा भरते, दुपारी तो खोलीत एकटी खाते, कारण कॅंटीनमध्ये लोक बोलतात. संध्याकाळी घरी गेल्यावर आधी रेडिओ लावते, मग दिवा. सुट्टीच्या दिवशी कधी कधी माझ्या लक्षात येतं की आज मी आवाजच काढलेला नाही, आणि मग मी मुद्दाम खालच्या दुकानात जाऊन काडेपेटी मागते. घरी माझ्या बावीस काडेपेट्या आहेत. एकटेपणाची सवय होते असं लोक सांगतात. मला अजून व्हायची आहे.

या वर्षी दवाखान्याने नवा सर्व्हर घेतला. मी त्यावर यादी चालवली. बेचाळीस मॉड्यूल नीट बसली. आळीपाळी बसेना. प्रोग्रामिंगची भाषा स्वतःच इतकी पुढे गेली होती की २.३ मधला निम्मा मजकूर तिला कळत नव्हता. मी दोन दिवस ठाकठोक करून पाहिली. एक भोक बुजवलं की दुसरं उघडायचं. जुना सर्व्हर शुक्रवारी बंद होणार होता आणि पुढच्या महिन्याच्या ड्युट्या निघाल्या नव्हत्या.

बुधवारी मेट्रन स्वतः वर आली. ती आली की खुर्ची ओढून बसते, विचारत नाही. “बाई, नव्या मशीनवर तरी ते आजारपणाचं बदला,” ती म्हणाली. “पोरी तापाने पडतात, उठल्या की दोन दोन रविवार भरत बसतात. मागे एकीची आई गेली. परत आली तर तक्त्यात सलग नऊ दिवस. मी हाताने खोडलं म्हणून, नाहीतर ती राजीनामाच देणार होती.”

“नियम नियम असतो,” मी म्हटलं.

“कोणाचा आहे पण हा नियम? सरकारचा?”

“नाही.”

“मोठ्या साहेबांचा?”

मी पडद्याकडे वळले. मेट्रनने माझ्याकडे जरा बघितलं आणि उठली. “चहा पीत जा हो खाली येऊन,” दारातून म्हणाली. ती हे दर वेळी म्हणते.

ती गेल्यावर मी आळीपाळीचं पान उघडलं. शेवटचं व्हर्जन ३.० होतं, चार वर्षांपूर्वीचं. नवं काही घ्यायचं तर मधे काय काय बदललं ते आधी वाचावं लागतं, तो या धंद्याचा शिरस्ता आहे. म्हणून मी खालून वर वाचायला लागले. सगळ्या नोंदी इंग्रजीत होत्या. पण २.५ पासून नोंदींच्या शेवटी एक-दोन ओळी आपल्या भाषेत होत्या. भांडारातल्या इतरांना ती नुसती नक्षी वाटली असणार.

२.५, म्हणजे २.४ नंतर चारच महिन्यांनी: “ताईचा नियम परत आणला आहे. तो चुकीचा नव्हता. ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा.”

मी ते वाचलं आणि पडद्यावरची तारीख पुन्हा पाहिली. आठ वर्षं आणि काही महिने. माझ्या भावाने माझ्याशी बोलायला चार महिन्यांत सुरुवात केली होती आणि मी दोन बरोबर लावून बसले होते.

२.६: “महिना बदलताना एक दिवस दोनदा मोजला जायचा, ते दुरुस्त केलं. ताई, फेब्रुवारीत तुझ्याकडेही होत असेल, बघ.” होत होतं. दर फेब्रुवारीला मी अख्खा दिवस बसून तो तक्ता हाताने नीट करत होते आणि लिहिणाऱ्याला मनात नावं ठेवत होते.

२.७: “२.३ भांडारातून काढणार होतो. आता कोणी वापरत नाही. पण दर सोमवारी सकाळी आठ वाजता कोणीतरी एक जण ते नेतो. एकच. म्हणून ठेवलं आहे.”

तो एक जण म्हणजे मी. मी नव्हे, माझा चाचणीचा संगणक. दर सोमवारी आठ वाजता तो स्वतःला कोरा करतो आणि यादीतलं सगळं भांडारातून नव्याने आणून बसवतो, अडीअडचणीला सगळं पुन्हा उभं करता येतं की नाही हे तपासायला. कोणतं व्हर्जन किती जणांनी नेलं याचा आकडा सांभाळणाऱ्याला दिसतो. मला हे माहीत होतं. माझ्या डोक्यात कधी आलं नाही, इतकंच.

२.८: “सोमवार चालू आहे. बरं वाटतं.”

२.९: “गेले पाच महिने सोमवारी कोणी आलं नाही. २.३ ची देखभाल आजपासून थांबवली.”

मी खुर्चीत मागे टेकले. पाच वर्षांपूर्वी दवाखान्याचं इंटरनेट नेमकं सोमवारी सकाळी जायचं. मी वैतागून त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मॉड्यूलच्या प्रती आमच्याच सर्व्हरवर आणून ठेवल्या आणि यादीला सांगितलं, बाहेर जाऊ नकोस, घरातलंच घे. मोठ्या साहेबांनी त्या वर्षी मला शाबासकीचं पत्र दिलं होतं. ते अजून खणात आहे.

३.० च्या नोंदीत आपल्या भाषेतली ओळ नव्हती. इंग्रजीत लिहिलं होतं की हे शेवटचं व्हर्जन, यापुढे दुसरा कोणी सांभाळणारा हवा आहे. आणि त्यात आपोआप चालणारा नियम ठेवलेला नव्हता. चुकलेली पाळी भरून घ्यायची की सोडून द्यायची, हे बसवणाऱ्याने स्वतः लिहायचं. लिहिलं नाही तर ते चालतच नाही.

मी ‘सोडून द्यायची’ लिहिलं. आळीपाळी पहिल्या फटक्यात चालली. बावन्न नर्सचा महिन्याचा तक्ता पडद्यावर आला आणि त्यात कोणाकडे काही बाकी नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात मला खात्रीच झाली की आता सगळं ठीक होणार. एवढी वर्षं तो बोलत होता, मी ऐकलं नव्हतं. आता ऐकलं. झालं की मग.

दुपारचे साडेतीन वाजले होते. माझ्या मोबाइलवर त्याचा नंबर होता, पण हात तिकडे जाईना. मी टेबलावरचा दवाखान्याचा फोन उचलला आणि ऑपरेटरला नंबर सांगितला. तिने जोडून दिला.

“हॅलो,” तो म्हणाला. आवाज जाड झाला होता.

“मी.”

“मी म्हणजे कोण?”

घरात कोणी असं विचारत नाही. घरच्यांना ‘मी’ पुरतं. मला सांगावं लागलं, “ताई.”

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. “बोल,” तो म्हणाला.

“तू लिहिलेलं वाचलं. आळीपाळीच्या नोंदी. आज वाचल्या, सगळ्या एकदम.”

“अच्छा. ते अजून आहे तुमच्याकडे?”

“आहे. रोज चालतंय.”

“मला वाटलं काढून टाकलंस. सोमवारचं थांबलं तेव्हा मला काही भलतंच वाटलं होतं. तुमच्या दवाखान्यात फोन केला. ऑपरेटर म्हणाली, आहेत ना बाई, आत्ताच चहा घेऊन वर गेल्या. मग म्हटलं, ठीक आहे, नको असेल तिला.”

“मी प्रती इथेच ठेवल्या होत्या रे. सोमवारी इंटरनेट जायचं म्हणून.”

तो हसला, अगदी थोडंसं. “असं होय,” म्हणाला. मी सांगितलेलं त्याला लगेच कळलं. जगात दुसऱ्या कोणाला हे समजावत बसावं लागलं असतं. पण कळूनही त्याच्या आवाजात काही हललं नाही.

मी धीर केला. “त्या अकरा पाळ्यांचं मी तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं.”

“मी येत होतो ताई.”

“कुठे?”

“तुझ्याकडे. अकराही दिवस. समोरच्या बाकावर बसायचो, दुपारी दोनपर्यंत. जिना चढवायचा नाही. बाबा साहेब म्हणायचे ना मला, या साहेब, बसा साहेब. ते सोसायचं नाही. वाटायचं, तू कधीतरी बाहेर बघशील. हाक मारशील. हाक मारली असतीस तर आलो असतो वर.”

आता एक सांगते, जे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगायचं टाळत होते. तिसऱ्या दिवशी मी बाबांची चादर झटकायला खिडकीशी गेले होते. तो मला दिसला होता. गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. मी मनात म्हटलं, यायचं तर ये, मी बोलावणार नाही, पाळी तुझी आहे. आणि आत येऊन लाल पेन उचललं. त्याच्या पुढच्या आठही पाळ्यांना मी त्या खिडकीकडे फिरकलेसुद्धा नाही.

“मी पाहिलं होतं तुला,” मी म्हटलं. “तिसऱ्या दिवशी.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “पडदा ओढलास तू.”

त्याला हे नऊ वर्षं माहीत होतं. हे माहीत असूनच त्याने ताईचा नियम चुकीचा नव्हता असं लिहिलं होतं, फेब्रुवारी बघ म्हणून सांगितलं होतं, दर सोमवारची वाट पाहिली होती.

“तुला राग असेल,” मी कसंबसं म्हटलं.

“नाही गं. होता, गेला. मग फार वर्षं वाईट वाटायचं. आता तेही नाही. सवय झाली.” हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला की मला त्यात टोचणारं काही सापडेना. चष्म्याचा नंबर बदलला, सवय झाली, असं सांगावं तसं.

“मी येऊ का एकदा? तुमच्याकडे?”

“आत्ता नको,” तो म्हणाला.

मी फोन कानाला धरून बसले. पलीकडे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग तोही नाही. त्याने ठेवला नाही, मी ठेवला नाही. बोलायला काही नव्हतं आणि तरी दोघंही होतो. किती वेळ गेला कोणास ठाऊक. लाइनवर खट् झालं आणि आमची ऑपरेटर मध्ये आली. तिला वाटलं असणार, रिकामाच फोन उचलून ठेवला आहे.

“बाई, बोलणं झालं का? लाइन मोकळी करू?”

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण त्याआधी पलीकडून तोच म्हणाला, “हो. झालं आमचं.”